दुपारची हाळी

१

जेवणं आटोपून ताटं पालथी पडली, की नानासो पडवीतल्या लाकडी बाकावर येऊन बसायचे. मिशांवरून एकदा हात फिरवायचे, घसा खाकरायचे आणि समोरच्या उसातले पारवे उडतील अशा आवाजात ओरडायचे,

“गुंडा, हाय का?”

आतून गुंडा म्हणायचा, “हाय!” आणि लगेच पुढच्या खाटेकडे हाक टाकायचा, “सयाजी, हाय का?” सयाजी ‘हाय’ म्हणून त्याच्या पुढच्याला. अशी ती हाक खाटेवरून खाटेवर जात पुरुषांची बाजू संपवायची, मधल्या कुडावरून बायकांच्या खोल्यांत उतरायची आणि सगळ्या घराला वळसा घालून पडवीत परत यायची. शेवटी शालूबाई आपल्या चिरक्या आवाजात विचारायची, “नानासो, हाय का?”

“न्हाई, मेलोय!” नानासो म्हणायचे.

रोज हेच म्हणायचे, आणि रोज सगळं घर हसायचं.

याला तिथं हाळी म्हणत. शेतात या बांधावरून त्या बांधाला देतात तीच हाळी, फक्त इथं ती म्हाताऱ्यांची म्हाताऱ्यांना असे. नियम एकच होता. ओ आली नाही, तर ज्याला म्हणून उठता येतं त्यानं उठायचं आणि त्या खाटेपाशी जायचं. काठी घेऊन, भिंत धरून, नाहीच जमलं तर बसल्या जागेवरून सरकत. दुसऱ्या कुणीतरी बघेल असं म्हणायचं नाही.

विजयमालानं हाळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता, पण तो आनंदाचा. ती इंग्लंडात यॉर्कशरमध्ये परिचारिकेचं शिक्षण घेऊन, तिथल्या वृद्धांच्या वॉर्डात काम करून परतली होती. तिथं प्रत्येक उशाशी घंटेचं बटण होतं. दाबलं की बाहेर लाल दिवा लागे. एका म्हाताऱ्याच्या दारावर तो दिवा कितीतरी वेळ जळत राहिला होता. जाणारायेणारा प्रत्येक जण समजला, की कुणीतरी आत गेलेलं आहे. विजयमाला आत गेली तेव्हा बटण त्याच्या मुठीत होतं आणि मूठ उघडत नव्हती.

त्यानंतर तिनं परतायचं ठरवलं. कुंडलच्या अलीकडे, जुन्या गुळाच्या गोदामात निवृत्त सुभेदार नानासोंनी वृद्धांसाठी घर चालवलं आहे असं तिला कळलं. बहात्तरच्या दुष्काळात तरणी माणसं कामासाठी पांगली आणि मागं उरलेल्यांना बघायला कुणी राहिलं नाही, तेव्हा ते सुरू झालेलं. ती आली, हाळी ऐकली आणि राहिली. एकटी राहिली नाही. आपल्या आत्तीला, बनुबाईलाही तिनं इथं आणलं.

आई गेल्यावर आत्तीनंच तिला वाढवलं होतं. साताऱ्याच्या शाळेत घातलं, बोटीवर चढवलं, आणि मग कुंडलच्या घरात एकटी राहून वाट बघितली. आता तिचे गुडघे गेले होते.

“हितं तुला कधी एकटं पडू देणार नाही, आत्ती,” विजयमाला म्हणाली होती. “पडलीस तर सगळं घर येईल.”

“मला पाडायलाच आणलीयास व्हय गं?” आत्ती म्हणाली होती.

२

पहिल्याच महिन्यात गुंडाची ओ आली नाही.

नानासोंनी दुसरी हाक मारलीच नाही. ते बाकावरून उठले होते. विजयमाला स्वयंपाकघरातून धावली, पण तिच्या आधी माणसं निघाली होती. काठ्यांचा ठकठकाट, चपलांची फरफट, कुणाचा तरी “सरका, सरका” असा दम. अर्धांगवायूचा सयाजी खाटेवरून खाली उतरून ढुंगणावर सरकत येत होता. पलीकडच्या खोलीतून शालूबाई भिंत चाचपत आली होती. सगळे गुंडाच्या खाटेभोवती, आणि गुंडा निळा पडलेला, डोळे पांढरे, दोन्ही हात गळ्यावर.

विजयमालानं त्याला पालथा घातला, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताचे फटके हाणले. भाकरीचा बोळा बाहेर आला. गुंडा खोकला, रडला, मग त्यानं वर बघितलं तर सगळं घर उभं.

“चोरून भाकरी खातुयास व्हय रं?” नानासो म्हणाले. 

“न्हाई आवं. सकाळची हुती.”

“मग वाटून खायाची, गड्या. सगळ्यास्नी मिळून मरता आलं असतं.”

हशा पिकला. विजयमालाही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. एवढी शिकली, एवढी यंत्रं पाहिली, पण अशी काळजी तिनं कुठं पाहिली नव्हती. ज्यांना स्वतःला उभं राहता येत नाही ती माणसं दुसऱ्यासाठी उभी राहिली होती. त्या दिवसापासून तिनं त्यांना नीट उचलायला शिकवलं. एकानं डोकं धरायचं, दोघांनी कंबरेखाली हात घालायचे, आणि ‘एक, दोन, वर’ म्हणत सगळ्यांनी एकदम उचलायचं. म्हातारी माणसं पोरांसारखी हौसेनं शिकली. सयाजीला तर जो तो उचलून बघायचा.

“मला रोज उचलताय, एकदा इस्लामपूरपातुर तरी न्या की,” सयाजी म्हणायचा.

३

आत्तीची खोली घराच्या टोकाला होती. गोदामाचा तो भाग सर्वांत जुना. उन्हं तापली की दगडी भिंतींतून अजून गुळाचा वास सुटायचा, आणि मुंगळे चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागत. खोलीत दोन खाटा. एक आत्तीची. दुसरी भिंतीकडची, रिकामी. तिथली राहीबाई विजयमाला येण्याआधी, दिवाळीच्या तोंडावर वारली होती. मागं एक दार होतं, ते न्हाणीकडे उघडायचं.

राहीबाई गेली तरी तिचं नाव हाळीतून गेलेलं नव्हतं. कुडापलीकडे पुरुषांच्या बाजूची शेवटची खाट सिद्धूची. जतकडचा मेंढपाळ, आयुष्य माळावर हाका घालण्यात गेलेलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो कुडावरून हाक टाकायचा, “राहीबाई, हाय का?” ओ आली, की मग, “बनुबाई, हाय का?”

विजयमालानं नानासोंना याबद्दल विचारलं होतं.

“मोर्च्यावरचा गडी पडला, तर जागा मोकळी सोडत न्हाईत, सिस्टरबाई,” ते म्हणाले. “शेजारचा दोन जागा सांभाळतो. त्या खाटेवर नवीन माणूस येईस्तोवर राहीबाईची ओ तुमच्या आत्तीनं द्यायची. तसं सांगितलंय तिला.”

हे विजयमालाला फार आवडलं होतं. गेलेल्या माणसाचीही जागा राखणारं घर!

माघ संपत आला होता. एका दुपारी ती आत्तीच्या खोलीत चादरी बदलत होती. आत्ती खाटेवर बसून मशेरी लावत होती. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, काळं बोट अजून तोंडात. पुढून हाळी येत होती. गुंडा, सयाजी, मग कुडापलीकडे सिद्धू.

“राहीबाई, हाय का?”

“हाय.”

स्वच्छ, शांत, बाईचा आवाज. विजयमालानं उशीचा अभ्रा घातला आणि मग तिचे हात थांबले. तिनं आत्तीकडं बघितलं. आत्ती हिरड्या चोळत होती.

“बनुबाई, हाय का?”

आत्तीनं हात वर करून थांब अशी खूण केली, मागच्या दारात जाऊन पिचकन थुंकली आणि ओरडली, “हाय रं बाबा! शालूबाई, हाय का?”

हाळी पुढं गेली. दूर कारखान्याचा भोंगा झाला.

“आत्ती,” विजयमाला म्हणाली, “राहीबाईची ओ तूच दिलीस ना?”

“तोंडात मशेरी हुती की माझ्या.”

“मग कुणी दिली?”

“सिद्धू देत असंल. लय नकला करतोय त्यो, बकरीचा, कोल्ह्याचा, समद्यांचा आवाज काढतोय.” आत्तीनं तोंड पुसलं. “पयल्यांदा मीच देत हुते. मग एकदा माझा डोळा लागला, ओ दिली न्हाई, तरी कुणी आलं न्हाई. म्हटलं, दुसरं कुणीतरी देतंय. बरं झालं. तवापासनं मी देतच न्हाई.”

४

सिद्धू हसला.

“मी हाळी देणार आन् मीच ओ देणार? याड लागलंय व्हय मला? बनुबाईच देतीया की. रोज ऐकतोय मी.”

शालूबाई म्हणाली, की तिच्या खोलीतून टोकाच्या खोलीतली पहिली ओ कधी ऐकूच येत नाही, दुसरीच येते.

विजयमालानं विचार केला. दगडी गोदाम, वर पत्रा, कुड छतापर्यंत पोचत नाही. अशा जागी आवाज कुठूनही कुठंही जातो. स्वयंपाकघरातली बाई कुणाला तरी ‘हाय’ म्हणाली असेल. गुंडाचीच ओ कुठंतरी आपटून उशिरा परत येत असेल. म्हाताऱ्या माणसांना सवयीनं नसलेलं ऐकू येतं. पण तिला स्वतःला ऐकू आलं होतं आणि ती म्हातारी नव्हती, हे मात्र तिला मनात कुठं बसवता येईना.

दुसऱ्या दुपारी ती मुद्दाम राहीबाईच्या खाटेवर जाऊन बसली. ठरवलं, आज आपणच ओ द्यायची. सिद्धूची हाक आली. तिनं तोंड उघडलं.

“हाय.”

तिचं तोंड उघडंच राहिलं. आवाज तिच्या कानाच्या इतका जवळ झाला होता, की शेजारी कुणी टेकलं असतं तर तिथूनच झाला असता. आत्ती समोरच्या खाटेवर पाठ करून झोपली होती. खाटेच्या पायाखालच्या वाटीत पाणी हलत होतं. ती स्वतः बसल्यामुळं हलत असणार.

ती उठून थेट पडवीत गेली.

“नानासो, राहीबाईचं नाव हाळीतून काढा.”

“का?”

काय सांगणार? तिनं सांगितलं ते खरंच होतं. “नाव घ्यायचं आणि माणूस नाही, हे बरोबर नाही. ओ कोण देतं ते कुणालाच माहीत नाही. हा समजतो तिनं दिली, ती समजते ह्यानं. उद्या खऱ्या माणसाच्या बाबतीत असं झालं तर? ज्याला त्याला वाटेल, दुसरं कुणीतरी आहे.” तिच्यासमोर तो लाल दिवा होता. “नानासो, तुमच्या हाळीवर माझा विश्वास आहे, म्हणून सांगते. तिच्यात खोटी ओ नको.”

नानासोंनी मिशा ओढल्या. जागा मोकळी सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण या पोरीचं काळीज घराला लागलेलं होतं, हे त्यांना दिसत होतं.

“ठीक हाय,” ते म्हणाले. “सिद्धू! उद्यापासनं राहीबाई न्हाई. सरळ बनुबाई.”

“चुकंल माझं,” कुडाकडून सिद्धू म्हणाला.

“चुकलं तर पेंड खायाला घालू तुला.”

सिद्धू चुकला नाही. ‘बनुबाई, हाय का?’ — ‘हाय!’ — आणि पुढं. रोज सुरळीत. विजयमालाला वाटलं, किती साधी गोष्ट होती.

५

होळी होऊन गेली होती. ती दुपार आजूबाजूच्या दुपारींसारखीच होती, इतकी, की नंतर विजयमालाला तिच्यातलं वेगळं काही आठवेना. ती पडवीत नानासोंच्या शेजारी बसून शेंगा निवडत होती. हाळी गेली, फिरली. आत्तीची ओ तिनं स्वतः ऐकली. तोच आवाज, तोच थोडा वैतागलेला सूर. ‘हाय!’ शालूबाईकडून हाळी परत आली, नानासो मेले, सगळे हसले. घर निजलं.

उन्हं कलल्यावर ती आत्तीची गोळी घेऊन टोकाच्या खोलीत गेली. खाट रिकामी होती. न्हाणीचं पत्र्याचं दार लोटलेलं होतं.

आत्ती आत दगडावर पडली होती. एक पाय विचित्र वळलेला. कपाळावरचं रक्त सुकून काळं झालेलं. तांब्या कलंडलेला, आणि त्याचं पाणी केव्हाच वाळून गेलेलं. पातळाचा फक्त कडेचा भाग ओला होता. डोळे उघडे होते. ती जिवंत होती.

“आत्ती! कधी पडलीस?”

आत्तीचे ओठ हलले. आवाज फुटायला वेळ लागला.

“जेवल्याबरुबर… आले… पाय सरकला.” तिनं विजयमालाचं मनगट धरलं. “हाळी ऐकली की गं मी. सिद्धूनं माझं नाव घेतलं. म्हटलं, आता ओ गेली न्हाई की समदे येतील. मी मुद्दाम गप पडून ऱ्हायले, माला. आन्…”

“बोलू नकोस.”

“आन् खोलीतनं माझाच आवाज म्हणाला, हाय.”

विजयमालानं हाक मारली. सगळं घर आलं. यावेळी कुणी थट्टा केली नाही. एक, दोन, वर. त्यांनी तिला अगदी नीट, जराही हिंदकळू न देता उचललं आणि खाटेवर आणलं. नानासो मात्र दारातच उभे राहिले. त्यांनी टोपी काढली होती.

“ओ आली हुती, सिस्टरबाई,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “तुमी बी ऐकलीत. आली हुती की न्हाई?”

६

सांगलीहून डॉक्टर आले. खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून, हलू न देता निजवून ठेवायचं ठरलं. अशा म्हाताऱ्या माणसाला एवढं पडून राहणं सोसेल का, ते मात्र बघावं लागेल, असं ते हळूच म्हणाले. विजयमालानं आपला बिछाना त्याच खोलीत टाकला. तिचं एकच मागणं होतं. आत्ती उठून बसावी. दुसरं काही झालं तरी चालेल.

हाळी बंद झाली. नानासो बाकावर येऊन बसत, आणि नुसते बसून राहत.

घरानं विजयमालाची जी सेवा त्या दिवसांत केली, ती तिला आयुष्यभर पुरली असती. गुंडा दोन वेळा अंग पुसायचं पाणी तापवायला निखाऱ्यांची शेगडी खोलीच्या दाराशी आणून ठेवी. शालूबाई तिला हातानं धरून जेवायला बसवी. आत्तीच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून ठराविक वेळानं तिचं अंग किंचित कलतं करावं लागे, त्यासाठी न बोलावता कुणीतरी दारात हजर असे. तिच्या वॉर्डातल्या पगारी नर्सांनी मान खाली घालावी अशी ती माणसं.

आत्ती बरी होत होती. म्हणजे ताप नव्हता, जेवत होती, शांत होती. फार शांत होती. मशेरी मागत नव्हती. पहिल्या दिवसांनंतर तिनं ‘माला’ म्हणून हाक मारली नव्हती. एकदा पाणी हवं होतं तेव्हा ती म्हणाली, “सिस्टरबाई, पाणी देता का?”

औषधाची गुंगी, विजयमालानं स्वतःला सांगितलं. डोक्याला मार लागलेला. माणसं ओळखायला वेळ लागतो. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, वॉर्डात पाहिलं होतं. शंका घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शालूबाई एकदा दारात उभी राहून बघत होती. आत्ती रिकाम्या खाटेच्या बाजूच्या भिंतीकडं मान वळवून, गालाखाली तळहात घेऊन पडली होती.

“अगदी राहीबाईवानी निजाय लागली की ही,” शालूबाई कौतुकानं म्हणाली. “ती बी अशीच, हात गालाखाली.”

 त्या दिवसापासून न्हाणीत जायचं झालं, की ती पुढच्या बाजूची वापरू लागली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. मागच्या न्हाणीचं दार वाऱ्यानं वाजायचं. पत्र्याचं दार, वाजणारच. तिनं कडी घालून घेतली. तरी ते अधूनमधून वाजे. आतून एखादं बोट आपटावं इतकंच.

७

हाळी परत सुरू करा, असं शेवटी माणसांनीच म्हटलं.

“मला झोप लागंना,” सयाजी म्हणाला. “आपलं नाव कुणी घेत न्हाई म्हंजे काय? जिवंत हाय का न्हाई तेच कळंना.”

“भ्या वाटतंय म्हणून गप बसलो, तर मी मेलेली कुणाला कवा घावायची?” शालूबाई म्हणाली.

नानासोंनी विजयमालाकडं बघितलं. ती म्हणाली, “करा. मी आत्तीच्या उशाशी बसते. मला दिसेल.”

“पर राहीबाईचं नाव घेऊ द्या,” सिद्धू म्हणाला. “त्याबिगर मला पुढचं नाव सुचतच न्हाई. त्या टायमाला बी लय ठेचकाळलो मी.”

“घे,” ती म्हणाली. आता तिला वाद घालायचा नव्हता.

वैशाखाचं ऊन पत्र्यावर कडकडत होतं. गुळाचा वास सुटला होता. विजयमाला खाटेशेजारी स्टुलावर बसली आणि तिनं आत्तीचा हात हातात घेतला. हात उबदार होता. कोरडा, ओळखीचा, बोटांना कामाचे घट्टे पडलेला. आपण उगाच काय काय मनात आणत होतो, असं तिला वाटलं आणि हायसं वाटलं.

“गुंडा, हाय का?” पडवीतून नानासोंचा आवाज आला. किंचित कापरा, पण तोच आवाज.

“हाय!” गुंडा इतक्या आनंदानं ओरडला, की कुठंतरी कुणीतरी टाळी वाजवली. सगळं घर जागं होऊन हाकेची वाट बघत होतं. हाक आली, गेली. सयाजीची ओ आली. मग कुडापलीकडून सिद्धू,

“राहीबाई, हाय का?”

खाटेवरच्या बाईनं डोळे उघडले.

“हाय,” ती म्हणाली.

स्वच्छ, शांत आवाज. विजयमालाला हसू आलं. नानासोंनी सांगितलेलं आत्तीच्या लक्षात होतं तर. दोन्ही जागा सांभाळायच्या.

“बनुबाई, हाय का?”

आत्ती छताकडं बघत होती.

“आत्ती,” विजयमाला कुजबुजली, “ओ दे ना. तुझं नाव घेतलंय.”

आत्तीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. परक्या मुलीकडं सभ्य माणूस बघतो, तसं. 

कुडापलीकडे खाट करकरली. पडवीतला बाक सरकला. काठ्या वाजू लागल्या. ओ आली नव्हती, आणि घर उठलं होतं. विजयमाला ओरडणार होती, थांबा, ही बघा, इथंच आहे, काही झालेलं नाही. तिनं श्वास घेतला.

मागं न्हाणीचं दार वाजलं. वारा नव्हता.

“हाय,” आतून आवाज आला. थकलेला, कोरड पडलेला. “माला… हितं हाय गं मी.”

सगळे दारात पोचले होते. नानासो पुढं, त्यांच्या मागं गुंडा, शालूबाई, कुडाला धरून सिद्धू, जमिनीवरून सरकत आलेला सयाजी. त्यांनी खाटेवरच्या बाईकडं बघितलं. तिचा हात धरून बसलेल्या विजयमालाकडं बघितलं. मग न्हाणीच्या दाराकडं बघितलं. कुणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती असं नाही. गुंडाचे ओठ पांढरे पडले होते. पण तिथं ओ देणारं माणूस होतं, आणि ते उठू शकत नव्हतं. नानासोंनी टोपी नीट केली आणि ते खाटेला वळसा घालून गेले. त्यांच्यामागून एकेक जण गेला. एकही माणूस मागं राहिला नाही.

कडी काढल्याचा आवाज झाला.  नानासो, ज्यांना कुजबुजता म्हणून येत नव्हतं, ते कुजबुजत म्हणाले, “आई गं…”

“डोस्कं धरा. डोस्कं पयलं,” शालूबाईचा आवाज.

“सांभाळून रं गड्यांनो, कंबर मोडलीया तिची.”

“एक, दोन…”

विजयमाला उठली. हातातला हात उठू देईना. उबदार, घट्टे पडलेली बोटं तिच्या बोटांत गुंतून आवळत गेली. दुखेल इतकी नाही, पण सोडणार नाही इतकी.

“तुमी बसा, सिस्टरबाई,” खाटेवरची बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. “जाग्यावर कुणीतरी पायजे.”

न्हाणीच्या दारातून पावलं परत निघाली. जड, एका चालीनं पडणारी, ओझं सांभाळून आणणाऱ्या माणसांची पावलं. विजयमालाला कडेनं दिसलं ते एवढंच, की नानासोंच्या खांद्यापलीकडं एक पाऊल लोंबतंय, टाचेला भेगा पडलेलं, आणि ते आत्तीचं आहे. ती लहान असताना त्याच टाचांना रोज रात्री तेल लावायची.

ते भिंतीकडच्या रिकाम्या खाटेकडं निघाले होते. तिनं दोन्ही हातांनी बोटं सोडवायला सुरुवात केली.